मोटारीचा रास्त भाव

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे गाव नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर वसलेले आहे. पूर्वी या रस्त्याला सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत, आता तो चव्वेचाळीस क्रमांकाचा झाला आहे. नव्याकोऱ्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर या रस्त्याने उत्तर-दक्षिण धावतात, आणि वेचणीच्या दिवसांत याच रस्त्याने कापसाच्या गाड्या हिंगणघाटच्या बाजाराकडे जातात. ट्रेलरवरील मोटारीची किंमत ती कारखान्याच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच ठरलेली असते. गाडीतील कापसाची किंमत मात्र कोणीतरी तिच्यात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस बाहेर काढीपर्यंत ठरत नाही.

‘रास्त भाव’ हा शब्द आपल्या चळवळीने धान्य, रॉकेल आणि जाडेभरडे कापड यांच्यासाठी राखून ठेवला. आलिशान, वेगवान मोटार विकत घेणाऱ्यालाही रास्त भाव हवा असतो असे म्हटले, तर कार्यकर्त्यांना हसू येईल. ज्याच्यापाशी दीड कोटी रुपये आहेत, त्याने पाच लाखांची घासाघीस कशाला करावी, असे त्यांना वाटेल. परंतु या हसण्याने एक उपयुक्त धडा हातचा निसटतो. वस्तू रास्त भावात कशी घ्यावी हे या देशात कोणाला नीट साधले असेल, तर ते अशाच खरेदीदारांना. आणि त्यांनी ते कसे साधले याचा एक उत्तम नमुना महाराष्ट्रातच घडलेला आहे.

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील उद्योजक, व्यापारी व व्यावसायिक यांच्या एका गटाने मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या सुमारे दीडशे मोटारी एकाच वेळी विकत घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता, म्हणजे सरासरीने दर मोटारीस त्रेचाळीस लाख. त्यांपैकी जवळजवळ ४४ कोटींचे कर्ज स्टेट बँक ऑफ इंडियाने दिले, आणि तेही शेकडा सात दराने. वृत्तपत्रांनी या घटनेचे कौतुक केले. मराठवाडा जागा झाला, असा एकंदर सूर होता. पी. साईनाथ यांनी मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिले की, त्याच भागातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी बारा टक्क्यांहून अधिक व्याज मोजावे लागत होते. ही तुलना तेव्हा खूप गाजली आणि पुढे, आपल्याकडे होते त्याप्रमाणे, ती संतापापाशीच थांबली.

संताप रास्तच होता. पण त्या दीडशे जणांनी नेमके काय केले, याकडे तटस्थपणे पाहिले पाहिजे. एकेकटा ग्राहक दुकानात गेला असता, तर त्याला छापील किंमत आणि थंड पेय मिळाले असते. ते एकत्र गेले. त्यांच्या मागणीचा आकडा एवढा मोठा होता की, कंपनीला तो सोडणे परवडणारे नव्हते, बँकेलाही नव्हते. किंमत, कर्जाचा दर आणि पोचवणीची तारीख या तिन्ही गोष्टी त्यामुळे वाटाघाटीच्या टेबलावर आल्या. आणखी एक गोष्ट त्यांच्यापाशी होती, ती म्हणजे थांबण्याची ताकद. मर्सिडीज या महिन्यात मिळाली नाही म्हणून त्यांच्यापैकी कोणाची चूल विझणार नव्हती. अर्थशास्त्राची पुस्तके मागणी-पुरवठ्याच्या दोन रेघा काढून किंमत ठरवतात. त्या रेघांच्या मागे कोण किती दिवस थांबू शकतो, हा प्रश्न असतो आणि बहुतेक वेळा भाव तोच ठरवतो.

महागड्या मोटारीचा सावध खरेदीदार हे सारे जाणतो. दुकानातील किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांतील प्रत्येक रकमेचा तो वेगळा हिशेब मागतो. विमा दुकानदाराकडूनच घेण्याचे बंधन नाही, हे त्याला ठाऊक असते. ‘हाताळणी खर्च’ या नावाने लावलेली रक्कम कोणत्या नियमाखाली लावली, असे तो विचारतो आणि ती बहुधा गळून पडते. डिसेंबर संपत आला की गोदामातील मोटारीवर जुन्या सालाचा शिक्का बसणार आणि विक्रेता नरमणार, हेही त्याने हेरलेले असते. तो तीन शहरांतून लेखी दर मागवतो. मोटार धंद्याच्या नावावर असेल, तर तिच्या घटत्या किमतीवर वर्षाला शेकडा पंधरा घसारा आणि वर कर्जाचे व्याज उत्पन्नातून वजा करता येते, हे सांगायला सनदी लेखापाल असतोच. कंपन्यांनीही यावर उतारा शोधला. मर्सिडीज-बेंझने २०२१ पासून भारतात विक्रेत्याऐवजी स्वतःच ग्राहकाला बिल देण्याची आणि देशभर एकच किंमत ठेवण्याची पद्धत आणली, त्यामुळे दुकानातील घासाघीस संपली. पण ती पूर्णपणे नाहीशी झाली नाही; व्याज, विमा आणि जुन्या मोटारीची अदलाबदल यांच्याकडे वळली. पैसेवाल्याच्या घासाघिशीत लाजिरवाणे काही नाही. हिशेब विचारणे हा ग्राहकाचा धर्मच आहे.

लाजिरवाणी गोष्ट दुसरीकडे आहे. या खरेदीदाराच्या बाजूने जो आणखी एक गडी वाटाघाटीला बसतो, तो म्हणजे सरकार.

श्रीमंतांच्या मोटारींवर जबर कर आहेत, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो अगदीच खोटा नाही, म्हणून त्याला प्रामाणिकपणे उत्तर दिले पाहिजे. मोठ्या मोटारींवर वस्तू व सेवा कर आणि अधिभार मिळून शेकडा पन्नासपर्यंत कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अधिभार जाऊन तो चाळीस टक्के झाला. परदेशात पूर्ण बांधून आलेल्या चाळीस हजार डॉलरांवरील मोटारीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर एकूण शेकडा एकशेदहा आयातशुल्क बसले, आणि त्यातील चाळीस टक्क्यांचे नाव, वाचकांना गंमत वाटेल, ‘कृषी पायाभूत सुविधा व विकास अधिभार’ असे आहे. हे आकडे मोठे आहेत यात शंका नाही. पण राज्याच्या मोटार वाहन कराकडे वळले की चित्र पालटते. महाराष्ट्रात खासगी व्यक्तीच्या नावावरील, वीस लाखांहून महाग पेट्रोल मोटारीला शेकडा तेरा कर आहे; मात्र त्याला कमाल मर्यादा घातलेली आहे. ही मर्यादा वीस लाख रुपये होती, १ जुलै २०२५ पासून ती तीस लाख झाली. परिणाम असा की, पाच कोटींची मोटार घेणाऱ्याला जुन्या मर्यादेत शेकडा चार आणि नव्या मर्यादेत शेकडा सहा कर पडतो. वडनेरचा शेतमजूर हप्त्याने साधी मोटारसायकल घेतो, तेव्हा त्याला शेकडा दहा-अकरा भरावे लागतात. प्रगतिशील करपद्धतीचे धडे महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. हा त्यांचा उलटा पाठ आहे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींची कथा याहून बोलकी आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या चौकशीत एक लहानसा तपशील बाहेर आला. मोटार दीड कोटींहून अधिक किमतीची होती आणि तिची कायम नोंदणी झालेली नव्हती. त्यासाठी भरावयाचे शुल्क केवळ १,७५८ रुपये होते. एवढेच का? तर ती विजेवर चालणारी असल्याने तिला राज्याचा वाहन कर माफ होता. दीड कोटीच्या पेट्रोल मोटारीवर तेरा टक्क्यांनी साडेएकोणीस लाख झाले असते. मार्च २०२५ मध्ये तीस लाखांवरील विजेच्या मोटारींना शेकडा सहा कर लावण्याचा प्रस्ताव राज्याच्या अर्थसंकल्पात आला आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतल्याची घोषणा केली. धुराची मोटार जाऊन विजेची यावी, हे योग्यच आहे. परंतु हवा स्वच्छ राखण्यासाठी रिक्षावाल्याला आणि दुचाकीवाल्याला दिलेली सवलत ताशी अडीचशे किलोमीटर धावू शकणाऱ्या मोटारीलाही तशीच लागू करावी, याचे समर्थन कोणत्या अर्थशास्त्रात सापडते? केंद्राच्या करातही हीच गोष्ट दिसते. विजेच्या मोटारीवर किंमत कितीही असो, शेकडा पाच कर आहे. ट्रॅक्टरवर तो बारा होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो पाचावर आला तेव्हा शेतकऱ्याला दिलासा दिल्याचे ढोल वाजले. म्हणजे दीड कोटीच्या स्पोर्ट्स मोटारीला जो दर आधीपासूनच मिळत होता, तो गाठायला ट्रॅक्टरला इतकी वर्षे लागली.

मोटारीचा रास्त भाव ठरवण्याचा या देशाने एकदा फार कसून प्रयत्न केला होता, हे आजच्या तरुण कार्यकर्त्यांना बहुधा माहीत नसेल. त्या काळी अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड या तीनच मोटारी देशात तयार होत. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमती नियंत्रण आदेशाने बांधल्या. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्ससह कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती सरजू प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली मोटार-किंमत चौकशी आयोग बसला. लोखंडापासून सुट्या भागांपर्यंत आणि मजुरीपासून विक्रेत्याच्या कमिशनपर्यंत खर्चाची छाननी झाली. १९७१ च्या अखेरीस न्यायालयाने निकाल दिला, त्यात कारखानदाराने गुंतवलेल्या भांडवलावर शेकडा सोळा परतावा रास्त मानला गेला. भाव ग्राहकाला परवडला पाहिजे आणि उत्पादकालाही पुरेसा नफा सुटला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. तत्त्व म्हणून त्यात दोष काढण्याजोगे काही नाही. गुंतवलेले भांडवल मोजायचे, त्यावर वाजवी परतावा धरायचा, खर्चात मिळवायचा, आणि होईल तो रास्त भाव.

आता हेच तत्त्व वडनेरच्या काळ्या जमिनीत आणून पाहावे. शेतकऱ्याचे भांडवल म्हणजे त्याची जमीन, विहीर, बैलजोडी आणि अवजारे. केंद्र सरकारचा कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्चाचे निरनिराळे हिशेब करतो. त्यांतील एकात रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी एवढेच धरतात. दुसऱ्या, अधिक व्यापक हिशेबात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही धरतात. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने उत्पादन खर्चाच्या वर किमान पन्नास टक्के मिळावेत, अशी शिफारस केली. २०१८ पासून सरकार ‘दीडपट भाव दिला’ असे सांगते, पण ही दीडपट पहिल्या, अपुऱ्या हिशेबावरची आहे. कारखानदाराच्या भांडवलावर सोळा टक्के मोजणे न्यायाला धरून होते, आणि शेतकऱ्याचे भांडवल मात्र भांडवलच नव्हे! वादाचे मूळ इथे आहे. बाकी सारे आकड्यांचे तपशील.

आणि तो अपुरा भावही पदरात पडेल याची शाश्वती नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. तो मिळवायचा तर भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर जायला हवे, आधी मोबाइलवर नोंदणी हवी, ओलावा शेकडा आठच्या आत हवा. बाराच्या वर गेला तर कापूस परत. पहिल्या वेचणीचा कापूस ओला असतो आणि नेमकी तेव्हाच पैशाची निकड असते. सीतादहीची पूजा होते, वेचणाऱ्या बायांची मजुरी त्याच आठवड्यात द्यावी लागते, दिवाळी तोंडावर असते, कृषी केंद्राची उधारी थकलेली असते. मग खेडा खरेदी करणारा दारात येतो, हातातल्या कापसाकडे पाहून भाव सांगतो आणि रोख मोजतो. मर्सिडीजच्या गिऱ्हाइकापाशी जी थांबण्याची ताकद होती, ती इथे समोरच्या माणसाकडे असते. त्यातच १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरील शेकडा अकरा आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. वेचणीचा सारा हंगाम त्यात गेला. त्या आधीच्याच महिन्यात ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ब्रिटिश मोटारींवरील शुल्क ठरावीक संख्येपुरते, क्रमाक्रमाने, शेकडा दहापर्यंत उतरवण्याचे मान्य झाले होते. मोटार कारखानदारांना तयारीसाठी वर्षे मिळाली. कापूसवाल्याला दिवससुद्धा मिळाले नाहीत.

एकाधिकार खरेदी योजना होती तोवर असे होत नव्हते, असे जुने कार्यकर्ते म्हणतील. १९७२ साली, म्हणजे मोटारींच्या त्या निकालाच्या पुढच्याच वर्षी, महाराष्ट्राने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. खासगी व्यापाऱ्याचा हात कापसाच्या गाडीतून बाहेर काढणारी ती धाडसी योजना होती. ती का मोडली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तिची आठवण काढून उसासे टाकण्याने मात्र वडनेरच्या कापसाला एक रुपयाही अधिक मिळणार नाही.

व्याजाचा एक हिशेब मांडण्यासारखा आहे. पीककर्ज तीन लाखांपर्यंत, वेळेवर फेडल्यास, महाराष्ट्रात जवळजवळ बिनव्याजी पडते, हे मान्य केले पाहिजे. विरोधासाठी विरोध करणाऱ्यांनी ही गोष्ट लपवू नये. पण २०१२ च्या सुमारास नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका डबघाईला आल्या, आणि खेड्यातल्या माणसाला सर्वांत जवळचे दार तेच होते. ट्रॅक्टर आणि अवजारे यांचे मुदतीचे कर्ज तर वेगळेच. सहा लाखांच्या ट्रॅक्टर कर्जावर पाच टक्के अधिक व्याज म्हणजे पहिल्या वर्षाला तीस हजार रुपये, म्हणजे हमीभावानेसुद्धा पावणेचार क्विंटल कापूस. कोरडवाहू जमिनीत एका एकरात अनेकदा याहून फारसा अधिक कापूस निघत नाही. शिवाय शेतकरी ट्रॅक्टर घेतो तो बहुधा एकटा, विक्रेत्याने दाखवलेल्या वित्तसंस्थेच्या माणसासमोर बसून, मासिक नव्हे तर सहामाही हप्ता किती, एवढेच विचारून. किंमत किती, विमा किती, हाताळणी किती, हे तो विचारत नाही. त्याला कळत नाही म्हणून नव्हे. विचारले तर कर्ज नाकारतील, या भीतीने.

यावर कार्यकर्त्यांनी काय करावे? करमर्यादा उठवण्याची मागणी विधिमंडळात आणि रस्त्यावर जरूर करावी, आणि विजेच्या मोटारींची करमाफी ठरावीक किमतीपाशी थांबवावी असेही ठामपणे म्हणावे. पण त्याबरोबरच त्या दीडशे मोटारवाल्यांची युक्ती उचलण्यात कमीपणा मानू नये. सामुदायिक खरेदी-विक्रीचा अनुभव आपल्याला नवा नाही, आणि तो कडूही आहे. कित्येक खरेदी-विक्री संघ इमारती बांधण्यात, अध्यक्षांच्या दौऱ्यांत आणि निवडणुकांत बुडाले. औरंगाबादच्या गटाला मोटारी स्वस्तात मिळवण्यासाठी ना इमारत लागली, ना अध्यक्षांचा भत्ता. एकच काम, ठरलेली माणसे, ठरलेली रक्कम आणि सर्वांसमोर उघडा कागद, एवढ्यावर भागले. वडनेरच्या पंचक्रोशीत पंचवीस शेतकरी एक ओलावामापक यंत्र काही हजार रुपयांत आणू शकतात, म्हणजे केंद्रावर जाण्यापूर्वी आपला कापूस आठावर आहे की अकरावर, हे घरीच कळेल. सोयाबीन आणि तूर बाजार समितीच्या तारण योजनेत ठेवून त्यावर सहा टक्क्यांनी उचल घेता येते. वेचणीची मजुरी त्यातून भागली, तर कापूस महिनाभर सुकू देता येईल. हा महिनाच त्यांचा नफा आहे. योजनेला पैसे आणि गोदामाला जागा नाही असे उत्तर बाजार समितीने दिले, तर तेही लेखी घ्यावे.

कोणी म्हणेल, दीडशे धनिक आणि पंचवीस शेतकरी यांची तुलनाच चुकीची. बँक धनिकांपुढे वाकते ती त्यांच्या ठेवी पाहून. खरे आहे. पण वर्ध्याला एक वेगळा वारसाही आहे. मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा यांनी आयुष्यभर एक गोष्ट मांडली की, वस्तू घेणारा तिच्या मागच्या साऱ्या व्यवहाराला जबाबदार असतो. त्यांचा रोख ग्राहकावर होता. हीच जबाबदारी कर्ज देणाऱ्या सार्वजनिक बँकेलाही लावता येते. ठेवीदारांचा, म्हणजे लोकांचा पैसा मोटारीला सात टक्क्यांनी देणाऱ्या बँकेला ट्रॅक्टरचा दर कसा ठरला हे विचारण्याचा हक्क त्याच ठेवीदारांना आहे, आणि त्यांत वडनेरचेही खातेदार आहेत.

म्हणून येत्या हंगामापूर्वी ज्यांना ट्रॅक्टर, पेरणीयंत्र किंवा फवारणीचे पंप घ्यायचे आहेत, त्यांची एक यादी करावी. प्रत्येकाने वेगवेगळे न जाता एकच मागणीपत्र हिंगणघाट, वर्धा आणि नागपूर येथील निदान तीन विक्रेत्यांना द्यावे, आणि किंमत, विमा, नोंदणी व इतर खर्च असे वेगवेगळे रकाने आखून उत्तर त्याच कागदावर मागावे. एक प्रत बँकेच्या शाखेत द्यावी. तिच्यातील व्याजदराचा रकाना बँकेने भरण्यासाठी मोकळा सोडावा, आणि सोबत ऑक्टोबर २०१० मधील त्या दीडशे मोटारींच्या बातमीचे कात्रण जोडावे.